विश्वासणारा आणि दुष्टाची सत्ता : बायबलमधील परस्परविरोधी वाटणारी वचने आणि मराठी ख्रिस्ती परंपरा (१६१६ ते १९२४)

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मग्रंथात श्रद्धावंत माणूस आणि दुष्ट शक्ती यांच्या संबंधाविषयी दोन प्रकारची वचने आढळतात. पहिल्या प्रकारच्या वचनांनुसार जो ख्रिस्ताचा झाला त्याच्यावर सैतानाची सत्ता चालत नाही. दुसऱ्या प्रकारची वचने त्याच माणसाला सैतानापासून सावध राहण्यास बजावतात, सैतान त्याला अडवतो, पीडा देतो, प्रसंगी त्याच्या अंतःकरणात शिरतो, असेही सांगतात. ही विसंगती खरी की वरवरची, यावर पाश्चात्त्य ईश्वरविज्ञानात शतकानुशतके चर्चा झाली आहे. मात्र ही वचने मराठी भाषेत व मराठी समाजात आली तेव्हा त्यांना कोणते रूप प्राप्त झाले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांकडून तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ ग्रंथार्थाचा नव्हता. भूतबाधा, करणी, दृष्ट, कुलदैवताचा कोप आणि न फेडलेला नवस या कल्पना ज्या समाजाच्या रोजच्या व्यवहारात होत्या, त्या समाजातून माणसे ख्रिस्ती झाली. अशा घरात मूल तापाने फणफणले किंवा कर्ता पुरुष साथीच्या रोगात गेला, तर हा सोडून दिलेल्या देवतेचा कोप, सैतानाचा हल्ला, स्वतःच्या श्रद्धेतील उणीव, की केवळ आजार, असा प्रश्न उभा राहणे स्वाभाविक होते. उत्तरावर बरेच काही अवलंबून होते. दोष कोणाचा ठरणार, उपचार कोणता होणार आणि पीडित माणसाला समाजात कसे वागवले जाणार, या तिन्ही गोष्टी त्यातूनच ठरत.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा तीन टप्प्यांत घेतला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ (१६१६), एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे धार्मिक वादविवाद आणि पंडिता रमाबाईंचे केडगाव येथील कार्य व त्यांचे बायबल भाषांतर (१९२४ मध्ये प्रकाशित) हे ते तीन टप्पे होत. ठाणे जिल्ह्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगरच्या परिसरातून वाहत जाणारी उल्हास नदी पुढे वसईच्या खाडीकडे जाते. त्या खाडीच्या मुखाशी १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीज सत्ता होती आणि तेथील मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज आजही नांदतो आहे. नदीच्या वरच्या अंगाला अंबरनाथसारख्या औद्योगिक वसाहतींत विसाव्या शतकात निरनिराळ्या प्रांतांतील व धर्मांतील कामगार एकत्र आले. आजारपण आणि अनिष्टाचे भय त्यांच्याबरोबर आले आणि त्यावरचे निरनिराळे धार्मिक उपायही आले.

वचनांतील विसंगतीचे स्वरूप

प्रथम वचनांचा आशय पाहू. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात (१०:१९) येशू आपल्या शिष्यांना सर्प व विंचू तुडवण्याचा आणि शत्रूच्या सर्व बळावर अधिकार देतो आणि त्यांना काहीही बाधणार नाही असे आश्वासन देतो. योहानाच्या पहिल्या पत्रानुसार (५:१८) जो देवापासून जन्मला आहे त्याला दुष्ट स्पर्श करू शकत नाही. इब्री लोकांस पत्रात (२:१४) ख्रिस्ताने आपल्या मरणाने सैतानाला निष्प्रभ केल्याचे सांगितले आहे.

याउलट पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:८) सैतान सिंहासारखा भक्ष्य शोधत फिरत असल्याचा इशारा दिला आहे आणि तो इशारा अविश्वासी लोकांना नसून मंडळीतील श्रद्धावंतांनाच आहे. पौल थेस्सलनीका येथील मंडळीला लिहितो (पहिले पत्र, २:१८) की, त्यांच्याकडे येण्याच्या त्याच्या प्रयत्नांना सैतानाने अडथळा केला. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (१२:७–९) तो आपल्या शरीरातील एका काट्याचा उल्लेख सैतानाचा दूत म्हणून करतो. तो दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि तरीही तो काढला गेला नाही. लूकच्या तेराव्या अध्यायातील कुबडी स्त्री अब्राहामाची कन्या म्हणजे श्रद्धावंत समाजातली आहे. तरीही सैतानाने तिला अठरा वर्षे बांधून ठेवल्याचे येशू म्हणतो. प्रेषितांच्या कृत्यांतील (५:३) हनन्या तर मंडळीचाच सभासद आहे आणि सैतानाने त्याचे अंतःकरण व्यापल्याचे पेत्र सांगतो.

ही विसंगती केवळ वेगवेगळ्या पुस्तकांतील नाही. योहानाच्या एकाच पत्रात पहिल्या अध्यायात (१:८) आपल्यात पाप नाही असे म्हणणारा स्वतःला फसवतो असे म्हटले आहे, तर तिसऱ्या अध्यायात (३:९) देवापासून जन्मलेला पाप करत नाही असे विधान आहे. पत्राचा लेखक इतका विसराळू असणे शक्य नाही. तेव्हा तो दोन वेगवेगळ्या चुकांना उत्तर देत आहे, हा अर्थ अधिक संभवतो. आपण पापापलीकडे गेलो आहोत असे मानणाऱ्यांना पहिले विधान उद्देशून आहे, तर पाप केले तरी काही बिघडत नाही असे मानणाऱ्यांना दुसरे. काही भाष्यकार दुसऱ्या विधानातील ग्रीक क्रियापदाच्या वर्तमानकाळी रूपावर भर देऊन ‘पाप करीत राहत नाही’ असा अर्थ लावतात. तथापि केवळ व्याकरणाच्या आधारे हा प्रश्न सुटतो, याविषयी विद्वानांत एकमत नाही.

सैतान या कल्पनेचाही स्वतःचा इतिहास आहे. २ शमुवेल (२४:१) नुसार दाविदाला लोकांची शिरगणती करण्यास परमेश्वराच्या कोपाने प्रवृत्त केले. हीच घटना १ इतिहास (२१:१) मध्ये सांगताना प्रवृत्त करणारा सैतान आहे. इतिहासाचा ग्रंथ नंतरच्या काळातील आहे. देवाकडे वाईटाची प्रेरणा देणे नंतरच्या लेखकाला अवघड वाटू लागले असावे, असा निष्कर्ष यावरून अनेक अभ्यासक काढतात. ईयोबाच्या पुस्तकात सैतान हे व्यक्तिनाम नाही. हिब्रू भाषेत त्याला निश्चयवाचक उपपद जोडलेले आहे आणि तो देवाच्या दरबारातील आरोप करणारा अधिकारी म्हणून येतो. देवाच्या परवानगीविना त्याला हात उचलता येत नाही. या ग्रंथाचा खरा विरोध सैतानाला नसून ईयोबाच्या मित्रांना आहे, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. संकट आले त्याअर्थी त्याने पाप केलेच असले पाहिजे, असे त्या मित्रांचे म्हणणे होते आणि ग्रंथाच्या अखेरीस देव त्यांनाच दोषी ठरवतो.

देवचार आणि सैतान : क्रिस्तपुराणाचा काळ

थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले व त्यांनी आयुष्याचा उर्वरित काळ मुख्यतः साष्टी भागात घालवला. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमी लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ ‘पैले पुराण’ व ‘दुसरे पुराण’ अशा दोन भागांत विभागलेला आहे. नवख्रिस्ती लोकांना पुराणश्रवणाची सवय होती. ती पुराणे बंद झाल्यावर निर्माण झालेली पोकळी भरून काढणे हा या ग्रंथाचा एक हेतू होता. कथनाच्या ओघात श्रोते शंका विचारतात व त्यांचे निरसन होते, ही पुराणांची रीतही स्टीफन्स यांनी स्वीकारली.

सैतानासाठी गोव्यातील ख्रिस्ती परंपरेत रूढ झालेला शब्द ‘देवचार’ हा आहे. हा शब्द अभ्यासकाला बरेच काही सांगून जातो. गोव्यातील हिंदू लोकश्रद्धेत देवचार ही गावाच्या सीमेची राखण करणारी शक्ती आहे. तो रात्री गावातून फिरतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी समजूत असून त्याला मान दिला जातो. म्हणजे एकाच गावात, एकाच भाषेत, एका घराचा राखणदार शेजारच्या घराचा सैतान झाला. धर्मांतराबरोबर माणसाने आपली भाषा टाकली नाही, तिच्यातील शब्दाची बाजू मात्र पालटली.

यातून प्रस्तुत प्रश्न अधिक तीव्र झाला. बाप्तिस्म्याच्या कॅथलिक विधीत सैतानाचा त्याग उघडपणे उच्चारला जातो. ज्याचा त्याग केला तो देवचार नदीपलीकडे नव्हता, गावच्या शिवेवर होता. बाप्तिस्मा घेतलेल्याला तो स्पर्श करू शकत नाही असे म्हटले, तर नवख्रिस्ती माणूस संध्याकाळी त्या वाटेने जाताना का घाबरतो? आणि घाबरून त्याने जुन्या रीतीप्रमाणे नारळ ठेवला, तर तो कोणाच्या सत्तेखाली आहे?

स्टीफन्स ज्या चर्चचे होते त्याने या प्रश्नाचे तात्त्विक उत्तर आधीच दिले होते. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये मूळ पापाविषयी निर्णय देताना असे ठरवले की, बाप्तिस्म्याने पापाचा दोष नाहीसा होतो, तथापि पापाकडे ओढणारी वासना बाप्तिस्मा घेतलेल्यातही शिल्लक राहते. ती झुंजण्यासाठी ठेवलेली आहे आणि जो तिला संमती देत नाही त्याचे ती नुकसान करू शकत नाही. या उत्तरात दोन्ही प्रकारच्या वचनांना जागा मिळते. झुंज खरी आहे आणि संरक्षणही खरे आहे. दोहोंच्या मध्ये माणसाची संमती उभी आहे.

पण तत्त्व आणि शासनव्यवहार यांत अंतर पडले. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेले धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, मधली काही वर्षे (१७७४–१७७८) वगळता १८१२ पर्यंत टिकले. नवख्रिस्ती लोकांचे जुन्या रीतींकडे वळणे हा त्याच्या दृष्टीने दंडनीय अपराध होता. १७३६ च्या त्याच्या जाहीरनाम्यात लग्न, जन्म, मृत्यू, वेश, आहार इत्यादींविषयीच्या अनेक रीतींवर बंदी घातली गेली. त्रेंतच्या निर्णयात जी अंतःकरणातील झुंज होती, ती येथे बाहेरून मोजता येणाऱ्या चिन्हांत उतरली. दुष्टाची सत्ता कोठे आहे याचा शोध माणसाच्या संमतीत न घेता त्याच्या अंगणात, चुलीत व पेहरावात घेतला गेला. धर्मवचनातील एक बाजू सत्तेच्या हाती गेली म्हणजे काय घडते, याचे हे ऐतिहासिक उदाहरण होय.

मुंबईतील वादविवाद : १८३१ ते १८५७

दुसरा टप्पा मुंबईतील आहे. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन (१८०४–१८७५) हे १८२९ मध्ये मुंबईत आले. १८३१ मध्ये त्यांचा मोरभट दांडेकर यांच्याशी जाहीर वाद झाला. मोरभटांनी त्याच वर्षी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला व विल्सन यांनी १८३२ मध्ये त्याला इंग्रजी ग्रंथाने उत्तर दिले. पुढे १८५७ मध्ये विष्णुबोवा ब्रह्मचारी (१८२५–१८७१) यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत जाहीर वाद केले. या सभांचा वृत्तान्त अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्याच वर्षी इंग्रजीत प्रसिद्ध केला.

या वादपरंपरेचा अभ्यास बहुधा हिंदू धर्माच्या बचावाचा व नवजागृतीचा भाग म्हणून केला जातो. परंतु तिची दुसरी बाजूही आहे. बायबलमधील परस्परविरोध मराठी जनतेसमोर प्रथमच उघड्यावर मांडले गेले ते या वादांतून. मिशनऱ्यांनी पुराणांतील देवांच्या आचरणावर टीका केली, तेव्हा प्रतिपक्षाने बायबल वाचून त्यातील प्रश्न पुढे केले. देव सर्वशक्तिमान व दयाळू असेल तर सैतान का आहे? ख्रिस्ताने त्याचा पराभव केला असेल तर ख्रिस्ती माणूस पाप का करतो, आजारी का पडतो, मरतो का? अशा आक्षेपांमागे एक साधे तर्कशास्त्र आहे. मुक्ती मिळाली असे म्हणता, तर तिचे लक्षण दाखवा.

अद्वैत भूमिकेवरून बोलणाऱ्या वादपटूला हा प्रश्न विचारणे सोपे होते, कारण त्याच्या मते दुष्टता ही ईश्वराविरुद्ध उभी असलेली स्वतंत्र शक्ती नसून अविद्येचा परिणाम होता. विल्सन यांच्यासारख्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याचे उत्तर वेगळ्या परंपरेतून येत होते. त्यांच्या चर्चने मान्य केलेल्या सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात असे प्रतिपादन आहे की, श्रद्धावंताचे पवित्रीकरण या जन्मात अपूर्णच राहते आणि त्याच्या अंतरात अखंड झगडा चालू असतो. सैतानाच्या व जगाच्या मोहामुळे तो गंभीर पापातही पडू शकतो व काही काळ त्यात राहू शकतो, मात्र तो पूर्णपणे व कायमचा निसटून जात नाही. म्हणजे ज्याला प्रतिपक्ष विसंगती म्हणत होता, ती या परंपरेने लपवली नव्हती. ती तिच्या मूळ सिद्धान्तातच लिहून ठेवली होती.

तरीही वादाच्या सभेत हे उत्तर दुबळे वाटणे स्वाभाविक होते. पुराणांतील देवांच्या दोषांवर बोट ठेवताना मिशनरी चोख नैतिक परिणामाची कसोटी लावत आणि स्वतःच्या मंडळीविषयी बोलताना मात्र पूर्णतेचा वायदा पुढच्या जन्मावर, म्हणजे स्वर्गावर ठेवत. श्रोत्याला ही दोन मापे जाणवली असल्यास नवल नाही.

खरा भार पडला तो नवख्रिस्ती मराठी माणसावर. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा जन्म बेळगावचा. १८५४ मध्ये त्यांनी तेथेच बाप्तिस्मा घेतला. १८५७ मध्ये त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही विधवांच्या स्थितीवरील कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १८८८ मध्ये ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र. नवस, व्रते व देवदेवस्की यांनी भरलेल्या बालपणापासून ख्रिस्ती श्रद्धेपर्यंतचा प्रवास या आत्मचरित्रात आहे. तो एका क्षणाचा चमत्कार नाही. वाचन, शंका, चर्चा, भीती आणि माघार यांतून वर्षानुवर्षे चाललेली ती प्रक्रिया आहे. धर्मांतरितावर दोन्हीकडून नजर होती. जुने आप्त त्याच्यावरील प्रत्येक संकटात देवाचा कोप पाहत आणि मिशनरी त्याच्या प्रत्येक दोषात अपुरे परिवर्तन पाहत. अशा माणसाला पौलाच्या काट्याचा उल्लेख असलेले वचन आवश्यक होते. पीडा आहे म्हणून श्रद्धा खोटी नव्हे, हे सांगणारा आधार त्याला धर्मग्रंथातूनच मिळत होता.

केडगाव : पुनरुज्जीवन आणि भाषांतर

तिसरा टप्पा पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा आहे. दुष्काळात आईवडील गमावलेल्या, १८८० मध्ये भाऊ व १८८२ मध्ये पती गमावलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. १८९६–९७ च्या व १९०० च्या दुष्काळांतील अनेक मुली व स्त्रियांना त्यांनी केडगाव येथील मुक्ती सदनात आश्रय दिला. १८९८ मध्ये त्या इंग्लंडमधील केझिकच्या अधिवेशनात सहभागी झाल्या. श्रद्धावंताला या जन्मातच पापावर विजयी जीवन शक्य आहे, यावर केझिकच्या शिकवणुकीचा भर होता. पहिल्या प्रकारच्या वचनांकडे, म्हणजे दुष्ट स्पर्श करू शकत नाही या आश्वासनाकडे, तिचा ओढा होता असे म्हणता येईल.

जून १९०५ मध्ये मुक्ती सदनात सुप्रसिद्ध पुनरुज्जीवन घडले. १९०४–०५ च्या वेल्समधील चळवळीच्या बातम्या तेथे पोहोचल्या होत्या व जानेवारीपासून प्रार्थनागट सुरू झाले होते. या घटनेतील एक बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. रडून, मोठ्याने पापांची कबुली देणाऱ्यांत आधीच बाप्तिस्मा घेतलेल्या मुलीही होत्या. विजयी जीवनाची ओढ जेथे सर्वांत तीव्र होती, तेथेच श्रद्धावंतातील पापाची जाणीवही सर्वांत तीव्र झाली. योहानाच्या पत्रातील दोन विधाने येथे एकाच सभेत, एकाच मुलीच्या तोंडी आली. काही मिशनऱ्यांनी या भावनिक आविष्कारांविषयी शंका घेतल्या. रमाबाईंनी त्यांवर सरसकट बंदी घातली नाही. सदनातील शिक्षण, शेती, छपाई, विणकाम ही कामेही चालूच राहिली.

त्यानंतरची अनेक वर्षे रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. सामान्य स्त्रियांना समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. कन्या मनोरमा १९२१ मध्ये वारली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले.

भाषांतरकाराला या विषयात किती सूक्ष्म निवड करावी लागते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. मत्तयकृत शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेच्या अखेरीस (६:१३) सुटकेची जी याचना आहे, तेथील ग्रीक शब्दाचे रूप नपुंसकलिंगी व पुल्लिंगी दोन्ही मानता येते. नपुंसकलिंगी मानल्यास ‘वाईट’ असा अर्थ होतो आणि पुल्लिंगी मानल्यास ‘तो दुष्ट’ म्हणजे सैतान. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने पहिला अर्थ घेतला, तर १८८१ च्या सुधारित इंग्रजी भाषांतराने दुसरा. मराठीत ‘वाईट’ आणि ‘दुष्ट’ या दोन शब्दांत हा फरक स्पष्ट दिसतो. पहिला शब्द वापरला तर भक्त आपल्या वासनांकडे, परिस्थितीकडे, अन्यायाकडे पाहतो. दुसरा वापरला तर तो एका शत्रूकडे पाहतो. ‘भूत’ या शब्दाचेही असेच आहे. शुभवर्तमानांतील अशुद्ध आत्म्यांसाठी तो आला की मराठी वाचकाच्या मनात मुंजा, हडळ, वेताळ यांची सारी वस्ती जागी होते. वचन परदेशी असले तरी भीती गावातलीच असते.

समन्वयाचे सूत्र

तिन्ही टप्प्यांत तिन्ही परंपरांनी, म्हणजे त्रेंतने, वेस्टमिन्स्टरने व केझिकने, दोन प्रकारच्या वचनांचे प्रमाण वेगवेगळे ठरवले. परंतु वचने एकत्र वाचली तर त्यांतून दोन मर्यादा स्पष्टपणे निघतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिली मर्यादा अशी की, पीडिताला दोष देता येत नाही. कुबडी स्त्री, ईयोब आणि पौल हे तिघे सैतानामुळे पीडित असूनही अपराधी ठरत नाहीत. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात (९:३) जन्मांध माणसाच्या अंधत्वाला ना त्याचे पाप कारण आहे ना त्याच्या आईवडिलांचे, असे येशू सांगतो. दुसरी मर्यादा अशी की, अपराध्याला सबब सांगता येत नाही. हनन्याच्या अंतःकरणात सैतान शिरला असे म्हणूनही पेत्र जाब हनन्यालाच विचारतो. याकोबाच्या पत्रात (१:१४) मोहाचे मूळ माणसाच्या स्वतःच्या वासनेत दाखवले आहे.

ही दुहेरी मर्यादा पाळली तर दोन प्रकारची वचने एकमेकांना छेद देत नाहीत, एकमेकांना आवरतात. आश्वासनाची वचने भयग्रस्ताला धीर देण्यासाठी आहेत आणि सावधगिरीची वचने निर्धास्त झालेल्याला जागे करण्यासाठी. इतिहासात अनर्थ झाला तो त्यांची अदलाबदल झाल्यावर. आश्वासनाची वचने घेऊन आजाऱ्याला तुझी श्रद्धा कमी पडली असे म्हटले गेले आणि सावधगिरीची वचने घेऊन भयग्रस्ताला आणखी भिववले गेले.

या अदलाबदलीचा धोका कोणत्याही एका धर्मापुरता मर्यादित नाही. अंगात आलेली शक्ती काढण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे, साखळीने बांधणे हे प्रकार महाराष्ट्रात विविध धर्मीय समाजांत घडत आले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झालेल्या त्यांच्या हत्येनंतर राज्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला व डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने अधिनियम संमत केला. भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, तसेच सर्प किंवा विंचू चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हे त्याच्या अनुसूचीनुसार गुन्हे आहेत. शारीरिक इजा न करणारी प्रार्थना व उपासना मात्र त्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला साखळदंडाने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानेही मनाई केली आहे.

लूकच्या वचनातील सर्प व विंचू आणि या अनुसूचीतील सर्प व विंचू यांचा योग केवळ योगायोगाचा असला तरी बोधप्रद आहे. शिष्यांना दिलेले धैर्याचे आश्वासन हे दंश झालेल्याचा उपचार रोखण्याचे कारण होऊ शकत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात स्किवाचे पुत्र येशूचे नाव केवळ मंत्र म्हणून वापरून भूत काढू पाहतात आणि शेवटी मार खाऊन, उघडेनागडे पळून जातात. दुष्टावरील सत्तेचा व्यवसाय करणाऱ्यांविषयी ग्रंथाचा कल कोणता आहे, हे या प्रसंगातून पुरेसे स्पष्ट होते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. श्रद्धावंतावर दुष्टाची सत्ता चालते की नाही, याविषयी बायबलमध्ये दिसणारा विरोध हा मुख्यतः भिन्न काळ, भिन्न श्रोते व भिन्न हेतू यांतून आलेला आहे. तथापि तो संपूर्णपणे विरघळून जात नाही. विजय मिळालेला आहे, पण तो पूर्णत्वास गेलेला नाही, हा ताण ग्रंथाच्या गाभ्यातच आहे.

२. मराठी व कोकणी भाषेत देवचार, भूत, दुष्ट, वाईट या शब्दांनी या वचनांना स्थानिक भीतीचा व स्थानिक श्रद्धांचा संदर्भ दिला. त्यामुळे हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक न राहता शेजाराचा, आजारपणाचा व सामाजिक वागणुकीचा झाला.

३. एकोणिसाव्या शतकातील हिंदू वादपटूंनी उपस्थित केलेला प्रश्न योग्य होता. त्याचे प्रामाणिक उत्तर वादसभेतील प्रत्युत्तरांपेक्षा पदमनजींच्या आत्मचरित्रात आणि रमाबाईंच्या कार्यात अधिक सापडते, कारण तेथे झुंज नाकारलेली नाही.

४. वचनांची एकच बाजू संस्थेच्या हाती आली की तिचा भार पीडित माणसावर पडतो. गोव्यातील धर्मन्यायालयाचा इतिहास याचीच साक्ष देतो.

स्टीफन्स यांच्या काळापासून आजच्या कामगार वस्त्यांपर्यंत परिस्थिती पुष्कळ बदलली. दवाखाने आले, कायदे आले, शिक्षण पसरले. तरीही घरात अकस्मात आजार आला म्हणजे ‘हे आमच्याच वाट्याला का’ हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या माणसाला चुकत नाही. ख्रिस्ती परंपरेपुरते बोलायचे तर तिच्या ग्रंथाने या प्रश्नाला एकच उत्तर दिलेले नाही. पण आजाऱ्याला अपराधी ठरवणारे उत्तर मात्र त्याने वारंवार फेटाळले आहे, आणि या विसंगतीच्या अभ्यासातून हाती येणारी ही गोष्ट मोलाची आहे.